ॲल्युमिनियम की कार्बन? हाताच्या मुंग्यांचं उत्तर फ्रेममध्ये नाही

हाताला मुंग्या येतात, मान आखडते, कंबर धरते म्हणून ॲल्युमिनियमची रोड बाईक विकून कार्बनची घ्यायचा विचार चालला असेल, तर आधी दोन महिने थांबा, असं माझं स्पष्ट मत आहे. सायकल विकणाऱ्यांना ते आवडणार नाही. पण हा प्रश्न आता सायकलच्या दुकानातून आमच्या दवाखान्यात आला आहे, म्हणून लिहितो.

वारणा-कोडोली-पन्हाळा पट्ट्यात रविवारी सकाळी रंगीत जर्सी घातलेले सायकलस्वार आता नेहमीचे झाले आहेत. कोल्हापूर, इचलकरंजी, इस्लामपूरकडूनही लोक येतात. यात शिक्षक आहेत, कारखान्यातले कर्मचारी आहेत, कॉलेजची मुलं आहेत आणि शुगर निघाल्यावर घाबरून सायकल घेतलेले पन्नाशीतले गृहस्थही आहेत. पन्नास-साठ हजारांच्या ॲल्युमिनियमच्या सायकलवर सुरुवात होते. वर्षभरात ग्रुपमधला कोणीतरी दीड-दोन लाखांची कार्बनची घेतो आणि सांगतो, "लोण्यासारखी चालते. हात बधिर व्हायचे, ते बंदच झालं." मग बाकीचे कर्जाचा हिशोब मांडायला लागतात.

तो मित्र खोटं बोलत नाही. त्याचा त्रास खरोखर कमी झालेला असतो. प्रश्न एवढाच, की तो कशामुळे कमी झाला?

मी अशा लोकांना जुन्या आणि नव्या सायकलबद्दल बारीकसारीक विचारतो. जुनीला २३ किंवा २५ मिलिमीटरचे टायर होते, हवा शंभर-एकशे दहा पीएसआय. नवीला २८ किंवा ३० चे टायर, हवा सत्तरच्या आसपास. सीट वेगळी, हँडलची उंची वेगळी, हँडलवरची पट्टी जाड. शिवाय दुकानदाराने या वेळी माप घेऊन सायकल बसवून दिलेली. म्हणजे एकाच दिवशी पाच-सहा गोष्टी बदलल्या आणि श्रेय मिळालं फक्त कार्बनला. रुग्णाला एका वेळी सहा गोळ्या दिल्या आणि ताप उतरला, तर कोणत्या गोळीने उतरला हे सांगता येत नाही. त्यात दोन लाख मोजलेले असले की मनही आपल्या बाजूने साक्ष देतं. औषधांच्या चाचणीत कोणाला खरी गोळी दिली आणि कोणाला खोटी, हे म्हणूनच लपवून ठेवतात.

अशी चाचणी एका डॉक्टरने स्वतःवरच केली होती. जेरेमी ग्रोव्ह्ज हे इंग्लंडमधले भूलतज्ज्ञ. त्यांच्याकडे पन्नास पौंडांना घेतलेली साडेतेरा किलोची जुनी लोखंडी सायकल होती आणि हजार पौंडांची साडेनऊ किलोची कार्बनचीही. घरून हॉस्पिटलला जाऊन परत येईपर्यंत साधारण ४३ किलोमीटर होत. २०१० मध्ये सहा महिने ते नाणं उडवून ठरवत, आज कोणती घ्यायची. लोखंडी सायकलचा सरासरी वेळ निघाला १ तास ४७ मिनिटं ४८ सेकंद आणि कार्बनचा १ तास ४८ मिनिटं २१ सेकंद. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने हा लेख नाताळच्या अंकात छापला. त्या अंकात जरा गमतीचं संशोधन असतं. माणूस एकच, आपण कोणत्या सायकलवर बसलोय हे त्याला माहीत, आणि ॲल्युमिनियम यात नव्हतंच, या मर्यादा आहेतच. पण चार किलोंचा फरक असूनही वेळेत काही फरक पडू नये, हे विचार करायला लावणारं आहे.

आता धक्क्यांचं बघू. रस्त्यातल्या खड्ड्याचा धक्का तुमच्या तळहातापर्यंत येताना टायर, चाक, फ्रेम, हँडल, पट्टी असा प्रवास करून येतो. यातलं सर्वांत मऊ जे, ते सर्वांत जास्त दबतं आणि तेच धक्का खातं. टायर काही मिलिमीटर दबतो. सीटखालचा दांडाही थोडा वाकतो. फ्रेम मात्र त्रिकोणी बांधणीची असते. वरून दाब दिला तर ती नावाला हलते, मग ॲल्युमिनियमची असो की कार्बनची. जाड गादीवर झोपल्यावर खाली कडप्पा आहे की शहाबादी फरशी, हे पाठीला कळतं का? तसंच हे. गादी म्हणजे तुमचा टायर. आणखी एक: मध्यम किमतीच्या बऱ्याच ॲल्युमिनियम सायकलींना पुढचा फोर्क आधीच कार्बनचा असतो, मालकालाच ते ठाऊक नसतं.

म्हणून आधी टायर बदला. फ्रेममध्ये जागा असेल तर २८ किंवा ३२ चा घाला, आणि हवा वजनाप्रमाणे भरा. टायरवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरलीच पाहिजे असा हुकूम नव्हे. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये साठ-सत्तर पीएसआय पुष्कळ होते. खर्च चार-पाच हजार.

आता हाताकडे येतो, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. करंगळी आणि अनामिकेला जाणारी अल्नर नस मनगटाजवळ तळहाताच्या टाचेतल्या एका अरुंद बोगद्यातून जाते. हँडलवर शरीराचा भार नेमका तिथेच पडतो. अमेरिकेत ६०० किलोमीटरच्या राइडमधल्या २५ सायकलस्वारांना राइडच्या आधी आणि नंतर तपासलं होतं. त्यातल्या २३ जणांच्या हातात बधिरपणा किंवा अशक्तपणा सापडला. हा दाबाचा आजार आहे. हँडल फार लांब किंवा फार खाली असेल, सीटचं टोक खाली झुकलेलं असेल, पोट-कंबरेचे स्नायू कमकुवत असतील, तर भार हातावर येणारच. सायकल दोन लाखांची असली म्हणून तो कमी होत नाही. सीट समपातळीत आणा, स्टेम आखूड करा, हँडल थोडं वर घ्या, दर पाच-दहा मिनिटांनी हाताची जागा बदला. दोन पायांच्या मधला भाग बधिर होत असेल तर तोही सीटचा प्रश्न आहे. ते लाजेपोटी कोणी सांगत नाही, पण सांगायला हवं.

आणि काही वेळा दोष सायकलचा नसतोच. एका शिक्षकांनी कार्बनची सायकल बुक करायच्या आदल्या आठवड्यात सहज विचारलं, म्हणून तपासलं. मुंग्या रात्रीही येत होत्या, पायालाही येत होत्या. रक्तात बी-१२ फारच कमी निघालं. वर्षानुवर्षं शाकाहारी जेवण, शुगरसाठी मेटफॉर्मिनची गोळी, आणि दोष चालला होता ॲल्युमिनियमच्या नावावर! मानेच्या मणक्याचा त्रास, थायरॉइड, मधुमेहाने झालेला नसांचा विकार, हे सगळं असंच सायकलच्या आड लपू शकतं. राइड संपल्यावर काही तासांत बधिरपणा गेला नाही, किल्ली फिरवताना जोर लागेना, अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोलगट दिसायला लागला, तर सायकल घरी ठेवा आणि दाखवायला या. नस फार काळ दाबली गेली तर स्नायू पूर्वीसारखा भरून येईलच असं नाही.

वजनाचा मुद्दा उरला. सारखेच सुटे भाग असले तर ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या सायकलीत किलोभराचा फरक धरा. पन्हाळ्याचा साधारण ४०० मीटर चढ चढताना हा एक किलो सोबत नेण्यासाठी शरीराला जेमतेम चार कॅलरी जास्त लागतात. वारण्याच्या श्रीखंडाचा एक चमचा त्याहून कितीतरी जड! स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरलं, तर चाळीस मिनिटांच्या चढात अर्धं मिनिट वाचेल. शर्यतीत उतरणाऱ्याला अर्धं मिनिट मोठं असतं, आणि त्याने कार्बनची जरूर घ्यावी. कोणाला ती नुसती आवडली आणि खिशाला परवडली, तरी घ्यावी. हौसेला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.

मात्र कार्बनचं दुखणं आतलं असतं. सायकल पडली, दगडावर आपटली, तर वरून रंगही न उडता आतले थर सुटू शकतात. नाण्याने हळूच टकटक करून बघा. एका जागी आवाज बोदा आला तर जाणकाराला दाखवा. आम्ही छातीवर बोटं वाजवून तपासतो, तसंच हे. ती पद्धत १७६१ मध्ये मांडणारा आउएनब्रुगर खानावळवाल्याचा मुलगा होता, आणि पिंपं वाजवून बघण्यावरून त्याला ती सुचली असं सांगतात. सीटचा बोल्टही लिहिलेल्या मापाइतकाच आवळायचा, मिस्त्रीच्या मनगटाने नाही. ॲल्युमिनियमला पोचा पडला तर दिसतो. वर्षानुवर्षांच्या ताणाने त्यालाही जोडाशी चीर जाते, म्हणून धुताना तिथे नीट बघा. चीर दिसली तर गावातल्या वेल्डरकडे नेऊन जोडून वापरू नका, उष्णतेने तिथला धातू आणखी कमजोर होतो.

वाचलेल्या पैशांतून दोन चांगले लाल दिवे घ्या, एक सायकलला आणि एक हेल्मेटला. ऊसतोड सुरू झाली की वाठार-कोडोली रस्त्यावर पहाटे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, रस्त्यावर ऊस पडलेला असतो, आणि ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही. सायकलला तरी असू द्या.