सशाची शिंक हसण्यावारी नेऊ नका



सकाळी पिंजऱ्यात चारा टाकताना एखादा ससा शिंकतो. धूळ नाकात गेली असेल, असे म्हणून आपण पुढे जातो. कधी ते खरेही असते. पण त्याचे पुढचे पाय उलटून पाहा. आतल्या बाजूचे केस ओले किंवा चिकटलेले असतील, तर तो वाहते नाक पायांनी पुसतो आहे हे ओळखा.

हा रोग बहुधा पाश्चुरेला नावाच्या जंतूंमुळे होतो. आपल्या म्हशींचा घटसर्प आणि कोंबड्यांचा कॉलरा हेही याच जातीच्या जंतूंचे प्रताप. फक्त प्रकार वेगवेगळे.

हे जंतू आत काय करतात? नाकाच्या अस्तरावर अगदी बारीक तंतू असतात. ते धूळ आणि जंतू सतत बाहेर लोटतात. पिंजऱ्याखाली लेंड्या आणि मूत साचले की अमोनियाचा उग्र वास सुटतो. त्याने हे तंतू लुळे पडतात आणि जंतूंना वाट मोकळी होते. ते अस्तराला चिकटतात, विष सोडतात. अस्तर सुजते, पू होतो. काही जंतूंच्या विषाने नाकातली कागदासारखी पातळ हाडेही झिजतात.

तेथून रोग कानात उतरला तर मान वाकडी होते. फुप्फुसात उतरला तर हवेच्या जागी पू भरतो आणि मऊ फुप्फुस काळजासारखे लाल व घट्ट होते. सशाचा पू पातळ नसतो, चक्क्यासारखा दाट असतो. त्याच्याभोवती शरीर जाड भिंत बांधते. त्या भिंतीआड औषध नीट पोचत नाही. म्हणून उपचार पहिल्या शिंकांच्या वेळीच हवेत. ससा मुख्यतः नाकानेच श्वास घेतो. तो तोंड उघडून धापा टाकू लागला, म्हणजे फार उशीर झाला.

आजारी ससा लगेच वेगळा ठेवा. त्याचे चारापाणी सर्वांत शेवटी करा आणि हात धुवा. पशुवैद्यकांना दाखवा. घरातले औषध मनाने देऊ नका. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधे तर सशाला तोंडावाटे कधीच देऊ नयेत. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, हगवण लागते आणि ससा दगावतो.

आणखी एक गोष्ट, जी मनाला जड जाते. औषधाने शिंका थांबल्या तरी जंतू पुष्कळदा नाकात दडून राहतात. अशी मादी व्याली की तिची पिल्ले जंतू घेऊनच वाढतात. म्हणून वारंवार शिंकणारी मादी कितीही चांगली असली तरी पैदाशीला ठेवू नका. आणि तिची पिल्ले शेजाऱ्याला विकू नका. चार पैसे मिळतील, पण त्याचे सगळे ससे धोक्यात येतील.

नवा ससा आणला की महिनाभर वेगळा ठेवा. लेंड्या रोज काढा. शेडमध्ये वारा खेळू द्या, पण अंगावर थेट झोत नको. पिंजऱ्याच्या उंचीला वाकून एकदा श्वास घेऊन पाहा. तुमचे डोळे चुरचुरले, तर सशाचे काय होत असेल?