३ षटकांत २७ धावा, तरी स्पेल भारी कसा? समजून घ्या कल्याणच्या तुषारचं गणित

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून मुंबईला जाणारी प्रत्येक लोकल कल्याणवरूनच जाते. त्यामुळे कल्याणचा तुषार देशपांडे या पट्ट्यातल्या क्रिकेटवेड्यांना आपलाच वाटतो. आयपीएल आली की वादही ठरलेला: विकेट काढतो हो, पण धावा किती देतो!

आकडे दोन्ही बाजूंनी आहेत. २०२३ मध्ये त्याने चेन्नईसाठी २१ बळी घेतले, पण षटकामागे जवळपास १० धावा मोजल्या.

आता २८ एप्रिल २०२४ चा चेपॉकवरचा सामना पाहा. समोर हैदराबाद. याच संघाने ८ दिवसांपूर्वी दिल्लीविरुद्ध पहिल्या ६ षटकांत बिनबाद १२५ कुटल्या होत्या. तुषारने ट्रॅव्हिस हेडला बाद केले, पुढच्याच चेंडूवर अनमोलप्रीत सिंगला. मग अभिषेक शर्मा. ३ बाद ४०! शेवटी पॅट कमिन्सही त्याचाच. ३ षटके, २७ धावा, ४ बळी.

षटकामागे ९ धावा महाग? लक्ष्य २१३ होते, म्हणजे षटकामागे १०.६५. शिवाय पॉवरप्लेत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक. तिथल्या धावा आणि मधल्या षटकांतल्या फिरकीपटूच्या धावा एकाच काट्यावर तोलणे अन्यायाचेच. हैदराबाद १३४ वर आटोपले.

जुलैत हरारेमध्ये तुषारचे भारताकडून टी-२० पदार्पण झाले. नोव्हेंबरच्या लिलावात राजस्थानने त्याच्यासाठी ६.५० कोटी मोजले.