घरातला कोळी कसा ओळखावा?

घराच्या भिंतीवर मोठा कोळी दिसला की दोन आवाज उठतात. अम्मी म्हणते, "झाडू आण." दादी म्हणते, "मारू नको रे, गार-ए-सौरच्या तोंडाशी यानेच जाळे विणले होते." तोवर कोळी कपाटामागे जातो आणि मुलांच्या मनात भीती तेवढी उरते. कुरआनच्या २९ व्या सूरहचे नाव 'अल-अनकबूत' म्हणजे कोळी आहे, हे मुलांना पाठ असते. पण घरातला कोळी कोणता, हे विचारले तर आपण मोठेही गप्प बसतो.

वर्गात आम्ही मुलांना आधी पाय मोजायला सांगतो. आठ पाय असतील आणि पंख नसतील तर तो कोळी असू शकतो. सहा पाय असतील तर तो कीटक. मग तीन प्रश्न विचारावेत. जाळे आहे का? तो चालतो कसा? दिवसा दिसतो की रात्री? आपल्याकडच्या घरांत नेहमी दिसणारे चार कोळी एवढ्यावरून ओळखता येतात.

पहिला, छताच्या कोपऱ्यातला लांब पायांचा. पाय केसासारखे बारीक, अंग छोटे, जाळे विस्कटलेले आणि हा त्यात उलटा लटकलेला. जाळ्याला काडी लावली की अंग इतक्या जोराने हलवतो की नीट दिसतही नाही. मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून ठेवते. याच्या जाळ्यात डासही सापडतात.

दुसरा, उड्या मारणारा. नखाएवढा, केसाळ, दिवसा खिडकीवर फिरणारा. समोरचे दोन डोळे मोठे असतात. आपण बोट नेले की वळून आपल्याकडे पाहतो. शिकारीसाठी जाळे विणत नाही, माशीवर दबा धरून झेप घेतो. झेप घेताना मागे एक धागा चिकटवतो, म्हणून पडत नाही.

तिसरा, भिंतीवर पांढऱ्या ठिपक्यासारखे छोटे जाळे करून राहणारा. हा दोन-तीन मिलिमीटरचाच असतो. मुंगी जवळ आली की तिच्याभोवती गरगर फिरून तिला धाग्याने बांधतो.

चौथा, ज्याला पाहून किंचाळ्या उठतात तो. तपकिरी, चपटा, पाय पसरले की १० सेंटीमीटरच्या आसपास. हाही जाळे करत नाही. रात्री बाहेर पडतो आणि झुरळे खातो. मादीच्या पोटाखाली चपट्या वडीसारखी पांढुरकी पिशवी दिसली तर ती अंड्यांची समजावी. हा अंगावर धावून येत नाही, पळतो. हातात दाबला गेला तर चावू शकतो. चावा दुखतो, पण जिवावर बेतत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. अंगावर फोड आले की आपल्या घरांत लगेच म्हणतात, "मकडी मूत गई." मग लेप लावले जातात आणि दिवस निघून जातात. कोळ्याच्या मुतण्याने फोड येत नाहीत. पावसाळ्यात ट्यूबलाइटकडे एक बारीक, लांबट, नारिंगी-काळा किडा येतो. तो चावत नाही. पण अंगावर चिरडला की त्याच्यातल्या रसाने साधारण दिवसभरात तिथे आग होते आणि फोड येतात. म्हणून तो चिरडू नये, फुंकर मारून उडवावा आणि जागा साबणाने धुवावी.

फोड अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे आले असतील आणि आधीपासून ठणका असेल, तर ती नागीण असू शकते. नागिणीचे औषध ७२ तासांच्या आत सुरू झाले तर चांगला गुण येतो. डोळ्याजवळ फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरातल्या वयस्कर माणसांच्या बाबतीत हे जास्त लक्षात ठेवावे, कारण हा आजार वयाबरोबर वाढतो. लेपात घालवलेले तीन दिवस परत मिळत नाहीत.

घर स्वच्छ ठेवू नये, असे आम्ही म्हणत नाही. धुळीने काळी पडलेली जळमटे खुशाल काढावीत. त्यात बहुधा कोळी राहतही नसतो. मोठा कोळी नको असेल तर त्यावर पेला पालथा घालावा, खालून पुठ्ठा सरकवावा आणि अंगणात सोडावा. स्वयंपाकघरात, अन्नाच्या आसपास फवारा मारणे मात्र टाळावे.

या रविवारी मुलांना घरात फिरवा आणि कोणता कोळी कुठे दिसला ते वहीत लिहायला सांगा. ओळख झाली की भीती कमी होते, आणि पुढच्या वेळी फोड आले तर दोष कोळ्याला न देता आपण वेळेत दवाखान्यात पोहोचतो.