बारमाही मौज कुणाची?

एका दिवाळी अंकात परवा प्रवासवर्णन वाचलं. साहेब अमेरिकेला पोराकडं गेले. पोरानं मोटार काढली, केंटकी तळ्याकाठच्या केनलेक स्टेट पार्कात नेलं. वसंतात गळ टाका, उन्हाळ्यात होडी हाका, पानगळीत रंग बघा, थंडीत गरुड बघा. बारमाही मौज! आणि शेवटी तात्पर्य काय, तर निसर्ग जातपात मानत नाही.

वा साहेब! ज्या काठावर डबा सोडलात, तिथलंच थोडं ऐका.

हे तळं देवानं खणलेलं नाही. टेनेसी नदीवर सरकारनं धरण बांधलं, 1944 साली पुरं केलं, 184 मैल पाणी तुंबवलं. सरकारचा पैसा, म्हणजे काळ्याच्या घामाचाही पैसा. मग काठावर काय झालं? गोऱ्यांसाठी एक पार्क, आणि 1951 साली शेजारीच काळ्यांसाठी दुसरं. चेरोकी स्टेट पार्क, सुमारे 300 एकर. अख्ख्या केंटकीत काळ्यांसाठी एवढं एकच. पाणी तेच, घाट निराळा. आपल्याकडं गाव आणि म्हारवाडा, तसंच की!

नावसुद्धा बघा. 1838 साली ज्या चेरोकींना बंदुकीच्या धाकानं मुलूख सोडायला लावला, थंडीत मुलाबाळांसकट याच केंटकीतून पायी नेलं, त्यांचंच नाव काळ्यांच्या पार्काला! याला निर्लज्जपणा नाही तर काय म्हणायचं?

तरी काळी माणसं तिथं आली. दुसऱ्या राज्यांतूनही आली. पोरं पोहली, बाया-बापे होडीत बसले, जेवणघरात पंगती झाल्या. भीक म्हणून नव्हे, हक्कानं जगली.

1955 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सार्वजनिक किनाऱ्यांवरची वेगवेगळी चूल मोडीत काढली. पण कायद्यानं विटाळ जातोय होय? साउथ कॅरोलायनात 1963 साली कोर्टानं सांगितलं, स्टेट पार्कं सगळ्यांना उघडा. सरकारनं काय करावं? सगळ्यांनाच बंद केली! पुढच्या साली उघडली, पण पोहायला बंदी. म्हणजे झाडाखाली बसा, पाण्यात एकत्र उतरू नका. स्वतःची पोरं उन्हात तळमळली तरी चालतील, पण काळ्याच्या अंगाला लागलेलं पाणी नको.

हे वाचलं आणि आम्हाला महाड दिसलं. तळं 1924 सालीच नगरपालिकेनं सगळ्यांना खुलं केलेलं, कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, तर सवर्णांनी 108 घागरी उपसून शेणमुतानं तळं शुद्ध केलं. त्याच तळ्यात गुरं धुतलेली चालत होती! हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं. दहा वर्षं, एका ओंजळीसाठी.

साहेबांना यातलं काहीच दिसलं नाही. दिसणार कसं? पाणवठ्यावर ज्याला कधी कुणी हटकलं नाही, त्याला सगळी तळी निर्मळच दिसतात.

1963 मध्ये चेरोकी बंद झालं आणि केनलेकात मिसळलं. म्हणजे साहेब, तुम्ही त्याच पार्कात फिरलात. काळ्यांचं ते जेवणघर अजून उभं आहे. पुढच्या खेपेला गरुड बघून झाले की तिकडं चार पावलं टाका. आणि परत आल्यावर महाडला कधी येताय, तेही कळवा. मुंबईहून एस.टी. जाते.