एकोणचाळीस मिनिटे आणि साडेपाच तास

१ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. घड्याळे पुढे करा म्हणताच मुंबई बिथरली. त्याच महिन्यात काही हजार गिरणी कामगारांनी काम नाकारले, गिरणीवर दगडफेक केली. रोज ३९ मिनिटे आधी उठून कामावर हजर व्हायचे ते कोणाच्या सांगण्यावरून, हा त्यांचा सवाल होता. महापालिकेने तर आपली 'मुंबई वेळ' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे सोडली नाही. त्यांचे सगळेच बरोबर होते असे मी म्हणत नाही. पण आपले घड्याळ कोणी परस्पर हलवले तर जाब विचारायचा असतो, हे त्या कामगारांना कळत होते.

आज आमचे घड्याळ तब्बल साडेपाच तास मागे असते आणि आम्ही शिकलेली माणसे गप्प!

आमच्या जयसिंगपूर भागातली एक पावती मी पाहिली. उसाचा ट्रॅक्टर काट्यावर आला रात्री एक वाजता, पावतीवर वेळ आदल्या दिवशीची संध्याकाळी साडेसात. तारीखसुद्धा आदली. विचारले तर उत्तर मिळाले, "सर, तो सर्व्हर टाइम आहे. तेवढं चालतंय की."

का चालायचे? सर्व्हर म्हणजे कोणी परग्रहावरचा पाहुणा आहे का? संगणक मनातल्या मनात १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजत असतो, आणि ते ग्रीनिचच्या हिशेबाने. त्या सेकंदांचे तास-वार करून दाखवायचे ते कोणत्या गावच्या वेळेने, एवढेच त्याला सांगायचे असते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला ते करून दाखवले. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली : टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता. झाले! आधीपासून चालू असलेले प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावे लागतात, एवढाच काय तो व्याप. (यादीत मुंबई नाही, कोलकाता आहे, अख्ख्या देशाची वेळ त्याच नावाने मिळते. त्यावर भांडण नको.)

जाणकार म्हणतील, "मास्तर, सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर ठेवणे हीच चांगली पद्धत आहे." मान्य. पाच देशांत कारभार असेल तर आत एकच वेळ ठेवणे शहाणपणाचे. पण मग माणसाच्या हातात कागद देताना ती वेळ बदलून द्यायची, हा त्याच पद्धतीचा दुसरा अर्धा भाग आहे. आमच्याकडे पहिला अर्धा आपोआप होतो, कारण नवा सर्व्हर बहुधा तसाच येतो. दुसऱ्या अर्ध्याला हात लावावा लागतो, म्हणून तो राहतो. याला पद्धत म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

दुसरी सबब अशी, की "आमचे घड्याळ तर सरकारी घड्याळाशी जुळवलेले आहे." एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने तसा आदेश काढला होता, हे खरे. पण त्या जुळवणीने सेकंद बरोबर होतो, गाव नाही. सेकंदाला पक्के असलेले घड्याळ साडेपाच तास चुकीची वेळ छापू शकते, आणि छापते.

आता यात नुकसान काय? आमच्या पिढीत निम्म्या वर्गाचा जन्म १ जूनचा असायचा. आईबापांना तारीख ठाऊक नसे, म्हणून मास्तर ती लिहून टाकत. आता तीच तारीख अर्जात भरा. वेळ दिलेली नसल्याने संगणक मध्यरात्र धरतो. ग्रीनिचवर ठेवलेला सर्व्हर त्यातून साडेपाच तास वजा करतो आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काळजी घेतली नसेल तर नोंद होते ३१ मे. मग दाखल्यावर एक तारीख, अर्जावर दुसरी, आणि खेटे मारायचे म्हाताऱ्याने. उसाच्या पावतीचेही तेच. रात्री बारा ते पहाटे साडेपाच एवढ्या वेळात झालेला प्रत्येक व्यवहार कालच्या तारखेला जातो. आपल्याकडे पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. सर्व्हरनेही पंचांग धरले म्हणायचे! पण मुदत, दंड, व्याज पंचांगावर चालत नाहीत.

आम्ही हजेरीपटावर खाडाखोड केली तर साहेब तपासणीत सही मागत. तारखेला मोल होते. आज तीच तारीख यंत्राने छापली म्हणून कोणी तपासत नाही.

असो. माझे म्हणणे एवढेच, की पावतीवर चुकीची वेळ दिसली तर घडी घालून खिशात टाकू नका. खिडकीवर परत द्या. बरोबर वेळ पेनाने लिहून, खाली सही मागा. रोज दहा जणांनी सही मागितली की ती एक ओळ टाइप करायला कोणाला तरी नक्की वेळ मिळेल.