पवनचक्की खोक्यातून बाहेर काढा

लेगोने २०१८ मध्ये काढलेली व्हेस्टास या पवनचक्क्यांच्या कंपनीची पवनचक्की ८२६ तुकड्यांची आणि जवळजवळ मीटरभर उंच. आता ती दुकानात मिळत नाही. भाव चढेल म्हणून हौशी लोक ती सीलबंद ठेवतात. मी साताऱ्यात विज्ञान शिकवते. मला हे अजिबात पटत नाही. हा संच पोरांच्या हातात पडला पाहिजे.

पायथ्याशी टुमदार घर, शेजारी हिरवं झाड. ते झाड उसापासून केलेल्या प्लास्टिकचं आहे! आमच्याकडच्या मुलांना ऊस म्हटलं की साखर आणि गूळच आठवतो. त्यांनी हे झाड बोटांनी चाचपून पाहावं.

एक गोष्ट मात्र खटकते. यातली पाती वारा फिरवत नाही, बॅटरीवरची मोटर फिरवते. आमच्या साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरल्या खऱ्या पवनचक्क्यांत नेमकं उलट चालतं: वारा पाती फिरवतो, पाती जनित्र फिरवतात आणि वीज होते. तेव्हा संच जोडून झाला की मुलांना एक साधी डीसी मोटर द्या, तिच्या तारांना एलईडी जोडा आणि आस जोरात फिरवायला सांगा. बॅटरी न लावता दिवा का लागला, हे ती स्वतःच विचारतील.