अनामत जनतेची, जबाबदारी कोणाची?

म्हैसूर जिल्ह्यातील बैलकुप्पे येथे साठीच्या दशकाच्या आरंभी तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. तेथील नामड्रोलिंग मठाचे सुवर्णमंदिर पाहण्यासाठी आज देशाच्या कानाकोपऱ्यातून प्रवासी येतात. कुर्गच्या सहलीला निघालेली मराठी कुटुंबेही त्यांत पुष्कळ असतात. प्रवासी तेथे पाण्याची बाटली विकत घेतो, रिकामी करतो आणि टाकून देतो. त्याच्यापुरता तिचा हिशेब तेथेच संपतो. हाच प्रवासी पुढे म्हैसूर, बंडीपूर, मुदुमलाई या वाटेने निलगिरीच्या डोंगरावर चढला आणि तेथील सरकारी दुकानातून त्याने दारूची बाटली घेतली, तर त्याला किमतीवर आणखी १० रुपये मोजावे लागतात. रिकामी बाटली परत केली की ते परत मिळतात. दोन्ही ठिकाणी वस्तू एकच, टाकाऊ बाटली. फरक पडतो तो फक्त राज्याच्या सीमेमुळे. बैलकुप्पे आणि कुशालनगर यांच्यामधून वाहणाऱ्या कावेरीला मात्र ही सीमा ठाऊक नाही.

निलगिरीतील ही व्यवस्था मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने आली. डोंगरात आणि जंगलात फेकलेल्या बाटल्यांच्या काचांनी वन्य प्राणी जखमी होतात, ही गोष्ट न्यायालयापुढे आली आणि मे २०२२ पासून तामिळनाडू राज्य विपणन महामंडळाने, म्हणजेच ‘टास्मॅक’ने, तेथे बाटलीमागे १० रुपये अनामत घेण्यास सुरुवात केली. विकलेल्या बाटल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक परत आल्याचे महामंडळाने सांगितले. पुढे ही योजना राज्यातील इतर जिल्ह्यांतही नेण्यात आली. अनामतीने बाटली परत येते, हे यावरून निर्विवाद सिद्ध होते. तरीही योजनेचा विस्तार होऊ लागताच दुकानांतील कामगारांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला. निसर्गरक्षणाला त्यांचा विरोध नव्हता. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची, विक्री सांभाळून रिकाम्या बाटल्या मोजून घ्यायच्या, पैसे परत करायचे, फुटक्या काचांच्या पोत्यांना जागा शोधायची, हे सारे वाढीव काम वाढीव माणसांवाचून त्यांच्या माथी मारले गेले, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. ते रास्त होते. गिऱ्हाइकाला दहा रुपयांसाठी ताटकळत राहावे लागले, की त्याचा राग खिडकीपलीकडच्या त्याच कामगारावर निघतो. योजना आखणारा अधिकारी त्या खिडकीत बसलेला नसतो.

महाराष्ट्राचा अनुभव याहून उद्वेगजनक आहे. २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्या बंदीतून वगळण्यात आल्या, पण त्यांवर परतखरेदीची किंमत छापण्याची अट घालण्यात आली. त्या वेळी मोठ्या बाटलीस १ रुपया आणि लहान बाटलीस २ रुपये असे आकडे जाहीर झाले. बंदी कागदावरून रस्त्यावर आली तेव्हा पिशवी वापरणाऱ्या फेरीवाल्याला दंडाची पावती तत्काळ मिळू लागली. बाटली परत घेणारा माणूस मात्र सामान्य ग्राहकाला शोधूनही सापडेना. कारण अट किंमत छापण्याची होती. बाटली कोणत्या दुकानात, कोणत्या वेळी, कोणी परत घ्यायचीच, याचे बंधन कोणाच्या गळ्यात पक्के पडलेच नाही.

जून २०१९ मध्ये दुधाच्या पिशव्यांची पाळी आली. राज्यात रोज सुमारे १ कोटी पिशव्या वापरल्या जातात आणि त्यांचा ३१ टन कचरा होतो, असे सांगून पिशवीमागे ५० पैसे अनामत घेण्याची घोषणा तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत केली. महिन्याभरात अंमल होणार होता. आज कोणत्याही गावातील गृहिणी दुधाची पिशवी घेते तेव्हा हे ५० पैसे तिच्याकडून कोणी घेत नाही आणि रिकामी पिशवीही कोणी मागत नाही. घोषणा विरून गेली. आणि समजा ती अमलात आली असती, तर परत द्यायचे ५० पैसे दुकानदाराने कोठून आणले असते? ते नाणे कायद्याने चालू असले तरी बाजारातून केव्हाच नाहीसे झाले आहे. सुट्या पैशांऐवजी हातावर गोळी ठेवण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. अनामतीचा परतावाही त्याच वाटेने गेला असता.

अशा योजना फसल्या की एक ठरलेले उत्तर मिळते: ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही.’ हे उत्तर जितके सोयीचे आहे तितकेच खोटे आहे. १९४९ साली उभ्या राहिलेल्या आरे दुग्धवसाहतीचे दूध मुंबईच्या चाळीचाळींत काचेच्या बाटल्यांतून येत असे. पहाटे केंद्रापुढे रांग लागे. हातात दुधाचे कार्ड आणि धुतलेली रिकामी बाटली असे. रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची, एवढाच व्यवहार. त्यासाठी भिंतीवर घोषवाक्ये रंगवावी लागली नाहीत की नागरिकांचे प्रबोधन करावे लागले नाही. शीतपेयांच्या काचेच्या बाटल्यांचेही तसेच होते. बाटली घरी न्यायची तर डिपॉझिट ठेवायचे आणि परत आणली की ते उचलायचे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक होते. गिरणी कामगाराच्या घरात पाळली जाणारी ही शिस्त त्याच्या नातवंडांच्या काळात एकाएकी कोठे गेली?

शिस्त कोठेही गेलेली नाही. बदलले आहे ते उत्पादनाचे अर्थकारण. त्या काळी रिकामी बाटली मालकाला हवी होती. ती परत आली नाही तर उद्याचे दूध वा पेय भरायचे कशात, ही त्याची अडचण होती. म्हणून ती परत घेण्याची केंद्रे, पेट्या, वाहने आणि माणसे त्याने स्वतःच्या खर्चाने उभी केली होती. एकदाच वापरायची पिशवी आणि बाटली आली तेव्हा रिकाम्या बाटल्या वाहून नेण्याचा, धुण्याचा आणि फुटतुटीचा खर्च वाचला. ही बचत कंपन्यांच्या खात्यात जमा झाली. खर्च मात्र नाहीसा झाला नाही. तो नगरपालिकेच्या कचरागाडीवर, तुंबलेल्या गटारावर आणि नदीकाठच्या शेतावर जाऊन बसला. आता त्याच खर्चाची आठवण ठेवून ग्राहकाकडे अनामत मागितली जाते. ग्राहकाने ती द्यावीही. पण ज्याने बचत खिशात घातली त्याच्यावर बाटली परत घेण्याचे बंधन नसेल, तर ती अनामत राहत नाही. ती कर होते, आणि तोही विधिमंडळाने न बसवलेला.

यात गुंतलेली रक्कम किरकोळ नाही. सरकारचाच आकडा धरला, तर १ कोटी पिशव्यांवर ५० पैशांप्रमाणे रोजचे ५० लाख रुपये होतात. दहांतली एक पिशवी परत आली नाही असे मानले, तरी दिवसाला ५ लाख आणि वर्षाला १८ कोटी रुपये कोठेतरी शिल्लक राहतील. ते कोणाचे? जर्मनीत असा न मागितलेला पैसा पेय भरणाऱ्या कंपन्यांकडेच राहतो. म्हणजे बाटली जितकी कमी परत येईल तितका त्यांचा फायदा अधिक! अमेरिकेतील मिशिगन राज्याने याहून वेगळा निर्णय घेतला. तेथे अशा रकमेचे तीन-चतुर्थांश राज्याच्या पर्यावरणविषयक निधीत जातात आणि उरलेला भाग बाटल्या परत घेणाऱ्या दुकानदारांना मिळतो. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यातही हा प्रश्न कायद्याने सोडवता येतो, तर आपल्याकडे तो अनुत्तरित ठेवण्याचे कारण काय?

जर्मनीचेच आणखी एक उदाहरण उद्बोधक आहे. १ जानेवारी २००३ रोजी तेथे एकदाच वापरायच्या बाटल्या आणि डबे यांवर २५ सेंट अनामत लागू झाली. आरंभी कित्येक दुकानसाखळ्यांनी आपल्यापुरत्या वेगळ्या आकाराच्या बाटल्या काढल्या आणि दुसऱ्याची बाटली घेण्यास नकार दिला. लोक रिकाम्या बाटल्यांची ओझी घेऊन दुकानोदुकानी फिरले. हा गोंधळ लोकांना उपदेश करून मिटला नाही. १ मे २००६ पासून, ज्या प्रकारची बाटली दुकान विकते त्या प्रकारची कोणाचीही बाटली त्याने घेतलीच पाहिजे, असा नियम झाला, तेव्हा तो मिटला. लोकांच्या त्राग्यात शहाणपण असते. ते ऐकण्याची तयारी हवी.

या साऱ्या चर्चेत एका वर्गाची नोंद क्वचितच होते. पहाटे पाठीवर पोते टाकून निघणारी कचरावेचक स्त्री ही या देशातील बाटली परत आणणारी सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त यंत्रणा आहे. चाळीस-पन्नास बाटल्या वेचाव्यात तेव्हा कुठे भंगारवाल्याच्या काट्यावर किलो भरतो. तिच्या श्रमाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही कष्टकऱ्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. अनामत योजना या स्त्रीला तारू शकते तशीच मारूही शकते. बाटलीला दहा रुपये मोल आले आणि ती देणाऱ्या कोणालाही ते रोख मिळाले, तर तिची मिळकत वाढेल. पण परतावा फक्त मोबाइलवर, फक्त मूळ ग्राहकाला आणि फक्त ठेकेदाराच्या यंत्रावर मिळणार असेल, तर तिच्या पोत्यातील सर्वांत किमतीचा माल निघून जाईल आणि कवडीमोलाचा चिखल तेवढा तिच्या वाट्याला उरेल.

गोव्याने २०२४ साली व्यापक स्वरूपाची अनामत परतावा योजना अधिसूचित केली, तेव्हा मद्यविक्रेत्यांनी आणि उत्पादकांनी तिला हरकती घेतल्या. छोट्या दुकानदाराची जागेची आणि मनुष्यबळाची अडचण खरी आहे. तिची दखल घेतली पाहिजे. पण त्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून बड्या कंपन्या आपली जबाबदारी टाळू पाहत असतील, तर ते ओळखलेही पाहिजे. प्लॅस्टिक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनी उत्पादकाची जबाबदारी मान्य केली आहे आणि २०२२ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वेही आली. ती दुकानाच्या खिडकीपर्यंत पोहोचवणे बाकी आहे.

त्यासाठी फार काही नवे शोधून काढायचे नाही. जेथे विक्री तेथे परतखरेदी, हा नियम कंपनीवर बंधनकारक असावा. बाटली आणणाऱ्याला, मग ती त्याने विकत घेतलेली असो वा वेचलेली, जागच्या जागी रोख पैसे मिळावेत. बाटल्या हाताळणाऱ्या दुकानदाराला आणि कामगाराला त्या श्रमाचा मोबदला कंपनीने द्यावा. न मागितलेली अनामत सार्वजनिक निधीत जमा व्हावी, तिचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा आणि तिच्यातला वाटा कचरावेचकांच्या संघटनांना मिळावा. शेजारी राज्यांनी एकमेकांच्या बाटल्या स्वीकाराव्यात, म्हणजे बैलकुप्पेत घेतलेल्या बाटलीला निलगिरीतही मोल राहील. आणि जेथे शक्य आहे तेथे धुऊन पुन्हा भरता येणारी बाटली परत आणावी. आरेच्या केंद्रावर जे एका सरकारी खात्याला जमले, ते आजच्या बलाढ्य कंपन्यांना जमणार नाही असे कोणी म्हणू नये.

सामान्य माणूस बाटलीमागे दहा रुपये विश्वासाने ठेवायला तयार आहे. निलगिरीने ते दाखवून दिले आहे. तो विश्वास राखण्याची पाळी आता सरकारची आणि कंपन्यांची आहे.